पुढची चार रोपं

प्रिय धाकटे,

‘प्रिय’ हे मी पत्राची रीत म्हणून लिहिलं आहे, उगाच हुरळून जाऊ नकोस. कॉन्व्हेंटात पत्रलेखन शिकवताना सिस्टरांनी आम्हाला बजावलं होतं, की समोरच्याला फाडून खायचं असलं तरी सुरुवात ‘प्रिय’नेच करायची. नऊ वर्षांत आपल्या दोघींमध्ये एक अक्षर गेलं नाही की आलं नाही. त्याने माझं काही अडलं नाही, असं मी गेल्या मंगळवारपर्यंत सगळ्यांना सांगत होते. मंगळवारी अडलं. काय ते सांगते, पण माझ्या क्रमाने सांगते. मधेच शेवटचं पान उलटून बघू नकोस. लहानपणी तू गोष्टींची पुस्तकं तशीच वाचायचीस आणि वर शेवट मला सांगून माझंही पुस्तक नासवायचीस. पत्र तू नवऱ्यालाही वाचायला देशील. दे. त्याच्याबद्दलही यात आहे.

विषय तोच, केशरी लिली. आईच्या वाफ्यातली. तू गालिच्याखाली घालून मारायला निघालीस आणि मी बादलीत घालून वाचवली, ती. वाचवली म्हणजे काय, ते आता माझ्याकडे येऊन बघ. मागच्या अंगणात दुसरं काही उरलेलं नाही. गुलाबाची तीन रोपं होती, ती गुदमरून गेली. पुदिन्यासारख्या निगरगट्ट झाडानेही हात टेकले. या झाडाला फूलझाड म्हणणाऱ्यांची मला कीव येते. फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी ओल्या चिंधीसारखं लोंबतं. वास नाही. बी धरत नाही. फुलदाणीत ठेवावं तर दुसऱ्या दिवशी टेबलावर चिकट डाग. पानं अशी, की कोणीतरी हिरव्या फिती कापून फेकून दिल्यासारखी. याला एकच काम येतं, जमिनीखालून पाय पसरणं. बोटाएवढा कंद मातीत राहिला तरी पुढच्या वर्षी तिथे टोपलीभर पानं. दुष्काळ पडो, वर राख पडो, माणूस मरो, याला सोयरसुतक नाही.

पण मी हे नऊ वर्षं जपलं. नुसतं जपलं नाही, वाटलं. दर वर्षी गड्डे फोडायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे, सोबत एक कार्ड. कार्डावर माझ्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात: ‘आईचं फूल. माझ्या आईने तीस वर्षं लाडाने वाढवलेलं.’ आमच्या वसाहतीत सतरा घरी दिलं. वाचनालयासमोर लावलं, बँकेच्या कुंड्यांत लावलं. घेणारी माणसं हात जोडून घ्यायची, कारण मेलेल्या आईच्या फुलाला नको म्हणायची कोणाची छाती होते? मी प्रत्येकाकडे पाच मिनिटं उभी राहून आईबद्दल बोलायचे. आता मागे वळून बघते तर त्यांपैकी निम्म्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्याला मी गहिवर समजत होते.

मग आमचा शेजारी. निवृत्त दातांचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बोटं घातली, आता माझ्या अंगणात घालतो. भिंतीपलीकडे त्याने बदामी फरशी घातली होती, तिच्यावर अनवाणी फिरतो आणि दर फरशीला नाव ठेवल्यासारखा तिच्याकडे बघतो. लिली भिंतीखालून गेली आणि तिने त्याच्या अकरा फरश्या उचलल्या. गृहस्थ एका बशीत कोंब ठेवून वसाहतीच्या बैठकीला घेऊन आला, जसा काही उपटलेला दात. त्यावर सगळ्यांना कंठ फुटला. कोणाची गटाराची झाकणं, कोणाची हिरवळ, कोणाची पायरी. सेक्रेटरी म्हणून जो टक्कल पडलेला इसम आहे, ज्याला एक नोटीस धड शुद्ध लिहिता येत नाही, तो मला सगळ्यांसमोर म्हणतो, “बाई, राग मानू नका, पण तुमची आई आता आमच्या गॅरेजमध्येही आलीय.” सगळे हसले. मी त्याच्या नोटिशीतल्या सहा चुका लाल शाईने दुरुस्त करून ती त्याला परत पाठवली, पण मजकूर काही बदलला नाही. महिनाअखेरपर्यंत झाडं काढा, नाहीतर वसाहत यंत्र आणून अंगण खणेल आणि वर काँक्रीट ओतेल.

मी लढणार होते. आईची तेवढीच खूण माझ्याकडे राहिली होती आणि ती काँक्रीटखाली जाऊ द्यायला मी काही तुझ्या जातीची नाही, असं मी मनात शंभरदा म्हटलं. त्या गालिच्याच्या दिवसाबद्दल मी नऊ वर्षं भेटेल त्याला ऐकवलं आहे, तुला मात्र सलग कधी सांगितलं नाही. आता ऐक. आईला झटका आल्याचा निरोप मला दौऱ्यावर मिळाला, तशीच उठून आले. आई खाटेवर. तोंड वाकडं झालेलं, वाचा गेलेली, उजवा हात निर्जीव. आणि खाटेला लागून असलेल्या खिडकीतून बाहेर बघते तर वाफ्यावर जुनापुराणा गालिचा अंथरलेला, चारी कडांना विटा, आणि एका कडेतून दोन पिवळी पानं जिभेसारखी बाहेर आलेली. आई डाव्या हाताने खिडकीकडे बोट करत होती, घशातून आवाज काढत होती, माझा हात धरत होती, पुन्हा खिडकीकडे बोट. तू दारात उभी, हात मातीने भरलेले. तुझा नवरा तुझ्या मागे, त्याच्या हातात वीट.

मला सगळं कळलं. मला सगळं लगेच कळतं, ती माझी ख्याती आहे. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा माणूस, त्याला मोटार ठेवायला आयती जागा हवी, म्हातारी आज नाही उद्या जाणार, तेव्हा बाग आत्ताच पुरून टाका. मावशीसमोर, गल्लीतल्या बायकांसमोर मी तुला काय बोलले ते मला पाठ आहे, तुलाही असेल, इथे पुन्हा लिहीत नाही. तू त्या सगळ्यावर एकच वाक्य बोललीस. “ताई, आईला विचार.” बस्स. वाचा गेलेल्या बाईला विचार म्हणे! चौतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होते, दुकानदारांचे खोटे तराजू जप्त करत हिंडले, एकाहून एक निर्ढावलेली माणसं बघितली, पण इतकं नीच उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. मी बाहेर गेले, विटा लाथाडल्या, गालिचा ओढून काढला. आई खिडकीतून बघत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी मावशीला म्हटलं, बघा, कसा जीव शांत झाला तिचा. आठव्या दिवशी आई गेली. घर विकलं गेलं, वस्तू वाटल्या गेल्या. मी लिलीचे गड्डे बादलीत भरले आणि आईची पत्र्याची ट्रंक घेतली. तू मागितलास फक्त तिचा बागेतला चार दातांचा काटा, दांडा अर्धा कापलेला, गंजलेला. तेव्हाही मी बोललेच. एवढ्या संसारातून हिला भंगार हवं.

आता या झाडाचं मूळ. हे तुला माहीत आहे, पण मला लिहू दे, कारण मलाच ते नीट माहीत नव्हतं. नोकरी लागून सहा महिने झाले होते. एका रोपवाटिकेत तपासणीला गेले. मालक बियाणं तोलून विकायचा, आणि पारड्याखाली त्याने लोहचुंबक चिकटवलं होतं. मी तराजू जप्त केला, दंड लावला, पंचनामा केला. मनुष्य अजिबात चिडला नाही. हसत हसत पत्र्याच्या डब्यात एक रोप आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “न्या बाई, घरी लावा. याला काही करावं लागत नाही. एकदा लावलं की जन्मभर माझी आठवण काढाल.” मी दुकानदाराच्या घोटभर पाण्यालाही हात लावत नसे, तुला माहीत आहे. पण झाडाला काय हरकत, असं वाटलं. चोविसाव्या वर्षी माणूस मूर्ख असतं आणि मी तर सरकारी शिक्का असलेली मूर्ख होते. डबा घेऊन बसने घरी आले. आईला म्हटलं, तुझ्यासाठी आणलंय, आणि पायरीजवळ माझ्या हाताने लावलं. आईने पदराला हात पुसले, रोपाकडे बघितलं आणि म्हणाली, “छान आहे हो.” त्या ‘हो’चा अर्थ मला त्रेचाळीस वर्षांनी लागला.

मंगळवारी काय झालं ते आता. बैठकीत मी ठणकावून सांगितलं होतं, की झाडाचा दोष नाही, तुमच्या आळसाचा आहे. माझ्या आईच्या वाफ्यात हीच लिली तीस वर्षं होती आणि कधी चार रोपांच्या पुढे गेली नाही. मी स्वतः बघत आले आहे. दर वेळी गेले की पायरीजवळ चार रोपं, शिस्तीत, फुलांसकट. सेक्रेटरी म्हणाला, “मग आईंची युक्ती सांगा की आम्हाला. आम्हीही तसंच करू.” हे त्याचं त्या दिवसातलं एकमेव शहाणं वाक्य. युक्ती मला माहीत नव्हती. पण आई भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत पेन्सिलने बागेचं लिहून ठेवायची, हे मला माहीत होतं, आणि तिची एकोणीस कॅलेंडरं सुतळीने बांधून माझ्याकडच्या ट्रंकेत होती. नऊ वर्षं मी तो गठ्ठा सोडला नव्हता. तिचं अक्षर बघितलं की रडू येईल म्हणून. मला रडायला आवडत नाही, डोळे सुजतात आणि दिवस वाया जातो. पण दातवाल्याला हरवायचं होतं, म्हणून मंगळवारी सकाळी चहा घेऊन बसले, चष्मा पुसला आणि सुतळी कापली.

पहिल्याच कॅलेंडरात मार्चच्या एका चौकोनात: ‘केशरी उपटली. दोन टोपल्या.’ मला वाटलं, विरळणी केली असेल. पुढच्या पानावर: ‘केशरी परत आली. तीन टोपल्या. खांदा.’ मग: ‘मोठी परवा येणार. पुढची चार ठेवली, बाकी काढली.’ धाकटे, मी ते वाक्य वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. मग एकोणीसच्या एकोणीस कॅलेंडरं जमिनीवर पसरली आणि गुडघ्यांवर बसून चौकोन न् चौकोन वाचला. ‘मोठी येणार. पुढची चार ठेवली.’ दर वर्षी. वर्षातून तीनदा, चारदा, मी जितक्यांदा गेले तितक्यांदा. ‘मोठीने आणखी एक आणलं. दुहेरी पाकळ्यांचं. देवा.’ नुसतं ‘देवा’, पुढे काही नाही. ‘मोठीने खांद्याला मलम आणलं. बागेची निगा कशी राखावी त्यावर तासभर बोलली. हो हो म्हटलं.’ म्हणजे खांदा माझ्या झाडामुळे दुखायचा, मलम मी आणायची, आणि उपदेशही माझाच. एका चौकोनात तर अक्षरं मावली नाहीत म्हणून तिने ती कडेने उभी लिहिली आहेत: ‘धाकटी म्हणते सांगून टाक. मोठीला सांगायची सोय नाही. बिचारी मनापासून आणते.’

बिचारी! मला आजवर अनेकांनी अनेक नावं ठेवली, दुकानदार तर माझ्या पाठीमागे मला ‘चाबूक’ म्हणायचे आणि ते मला आवडायचं. बिचारी कोणी म्हटलं नव्हतं. सख्ख्या आईने म्हटलं, तेही पेन्सिलने, कॅलेंडरवर.

शेवटचं कॅलेंडर मी दुपारी उघडलं. अक्षर लटपटलेलं. ‘धाकटीला म्हटलं, माझ्याने आता होत नाही. यंदा सगळी संपव. पुढची चारसुद्धा. तू मोठीला काही बोलू नकोस, तिला मी सांगेन.’ त्याच्या दोन दिवसांनंतरच्या चौकोनात: ‘जावयाने दुकानातला जुना गालिचा आणला. दोघांनी घातला. भला माणूस.’ हे तिचं मत आहे, मी फक्त उतरवून घेतलं आहे. त्याच्या पुढचा चौकोन कोरा. पुढचे सगळेच कोरे. ती तारीख मला बघावी लागली नाही.

तेव्हा ती खिडकीकडे बोट करत होती ते मला सांगायला. वचन पाळायला. ‘तिला मी सांगेन’ म्हणाली होती ना, मग एका हाताने आणि अर्ध्या तोंडाने सांगत होती, आणि मी तिच्या डोळ्यांदेखत गालिचा ओढून काढला. ते पाणी कसलं होतं हे कळायला मला कॅलेंडर लागलं. नोकरीत नवीन आलेल्या पोरापोरींना मी पहिला धडा हा द्यायचे, की दुकानात शिरलात की माल तोलू नका, आधी पारडी रिकामी असताना काटा कुठे उभा राहतो ते बघा. पासंग तिथेच कळतो. चौतीस वर्षं हे सांगितलं आणि आपल्या अंगणात शिरले ती थेट तोलायलाच लागले. काटा माझ्याच बाजूला कललेला होता, कायमचाच असावा.

आणि तू! तुझाही मला संताप आला आहे, तो लिहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. तू मला सांगितलं का नाहीस? आई गेल्यानंतर तरी? ‘बोलू नकोस’ म्हणाली म्हणून नऊ वर्षं दातखीळ बसली? भाचीला विचारलं मी, बुधवारी फोन करून. ती म्हणाली, “मावशी, तुझा विषय निघाला की आई उठून बागेत जाते. मला तर वाटायचं तुमचं दागिन्यांवरून काहीतरी झालंय.” म्हणजे पोटच्या मुलीलाही नाही सांगितलंस. आणि तिच्याकडूनच कळलं की तुझ्या नवऱ्याने जन्मात मोटार घेतली नाही, अजून सायकलवर दुकानात जातो. नऊ वर्षं मी ज्या मोटारीच्या शेडला शिव्या दिल्या ती मोटारच नव्हती. एकदा तोंडावर म्हणायचंस, ताई, झाड तू आणलंस, आईला ते नको होतं, गप्प बस. मी तुला फाडून खाल्लं असतं, ते खरं. दुसऱ्या दिवशी शांत झाले असते असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, दुसऱ्या दिवशीही खाल्लं असतं. तरीही सांगायचंस. तुम्ही दोघी मिळून मला सांभाळत राहिलात, काचेच्या भांड्यासारखी, आणि मी समजत होते की घरात लोखंडाची एकटी मीच.

मला वाटायचं, मी कॉन्व्हेंटात शिकले आणि तू पालिकेच्या शाळेत, म्हणून चांगलं-वाईट मला जास्त कळतं. बाबांकडे एकीच्याच फीपुरते पैसे होते आणि मी मोठी होते, एवढंच त्यात माझं कर्तृत्व. सिस्टर आम्हाला शुक्रवारी रांगेत उभं करून आठवड्यातला एक अपराध मोठ्याने सांगायला लावायच्या. मी दर शुक्रवारी दुसऱ्या मुलीचा सांगायचे. त्या सवयीनेच हे पत्रही दातवाल्यापासून सुरू झालं, बघ.

बुधवार आणि गुरुवार मी एक काम केलं. सतरा घरी गेले, प्रत्येकाकडून ते कार्ड परत मागितलं. चौदा मिळाली. सांगितलं, की हे आईचं फूल नाही, हे माझं आहे, आईला याचा भयंकर त्रास झाला, तुम्हाला काढायचं असेल तर खुशाल काढा. बँकेच्या मॅनेजरने एवढा मोठा सुस्कारा सोडला की समोरचे कागद हलले. एका बाईने तर मला पाटावरून उठवून मागच्या दारी नेलं आणि गालिचा दाखवला. तोच प्रकार, कडेने विटा. “तुम्हाला सांगायचं कसं म्हणून पुढची दोन कुंडीत ठेवली होती हो,” म्हणाली. मला हसू आलं, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. डोळे सुजले. दिवस वाया गेला. शेवटी दातवाल्याकडे गेले. फरश्या मी बसवून देईन म्हटलं. तो एवढा घाबरला की त्याने मला खुर्ची दिली आणि दात दुखतोय का विचारलं.

आता हे पत्र मी का लिहिलं. माफी मागायला नाही, ती मागायची मला सवय नाही आणि या वयात शिकले तर वेडीवाकडी येईल. महिनाअखेरच्या आत अंगण मोकळं करायचं आहे. यंत्र मी येऊ देणार नाही, आणि माझ्याकडचं फावडं कंद कापतं, मुळासकट उचलत नाही, एकाचे चार होतात. त्याला आईचा तो चार दातांचाच काटा लागतो, हे आता कळलं, आणि तू तो का मागितलास हेही. तेव्हा येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळच्या बसने ये. काटा पोत्यात गुंडाळून आण, बसमध्ये कोणाला लागेल. नवऱ्यालाही आण, गालिचा असला तर तोही आण, चहा मी चांगला करते. किती खोल खणायचं, कुठे पाय द्यायचा, टोपली कुठे रिकामी करायची, ते तू सांगायचंस आणि मी ऐकायचं. मधे मी बोलायला लागले तर सरळ गप्प बस म्हण, माझ्या तोंडावर म्हण. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. मला वाईट वाटेल म्हणून, मी दारातून बघत असेन म्हणून, या वेळी पुढची चार ठेवू नकोस.

तुझीच,
मोठी